दुसरा मालक

नॉर्डाल, विस्कॉन्सिन
६ फेब्रुवारी २०१२

श्री. लेलंड ब्रेके,
टक्सन, ॲरिझोना.

हे पत्र मी ब्रेके फॅन कंपनीची सचिव म्हणून लिहिते आहे, बहीण म्हणून नाही. 'आपण' असं संबोधून लिहा, असं वकिलांनी बजावलं होतं. दोन ओळी तशा लिहिल्या आणि फाडून टाकल्या. ज्याचं शेंबडं नाक मी माझ्या बाहीने पुसलं, त्याला आपणबिपण म्हणणं माझ्याच्याने होणार नाही.

काम असं आहे. तीन वर्षांपूर्वी तू कंपनीतला तुझा चार टक्क्यांचा हिस्सा तुझ्या स्वतःच्या निवृत्ती खात्यात टाकलास. तुझ्या त्या गुंतवणूक कचेरीतून कागद आला आणि भागधारकांच्या नोंदीत बदल मीच केला. वर तुझं नाव दिसलं, खालचं, म्हणजे खातं कसलं ते, मी वाचलंच नाही. गेल्या महिन्यात नवे हिशेबनीस आले. त्यांनी खालचं वाचलं आणि माझ्याशी बोलण्याआधी दार लावून घेतलं.

आपली कंपनी लहान कंपन्यांच्या कर-सवलतीत बसते, हे तुला माहीत आहे. कंपनीने स्वतः कर भरायचा नाही, मालकांनी आपापल्या वाट्यावर भरायचा. आपले शहाण्णव टक्के शेअर कामगारांच्या निवृत्ती योजनेचे, आणि तिथे कर लागतो तो कामगार निवृत्त होऊन पैसे घरी नेतो तेव्हाच. म्हणून तर एवढ्या वाईट वर्षांतही कारखाना उभा राहिला. पण सवलतीला अट आहे. मालक एकतर हाडामांसाचा माणूस हवा, नाहीतर कायद्याने मान्य केलेली अशी कामगारांची योजना. एकट्यादुकट्या माणसाचं खाजगी निवृत्ती खातं चालत नाही. एक शेअर जरी अशा खात्यात गेला, तरी त्या दिवसापासून सवलत जाते, आणि ती त्या एका शेअरची नाही, अख्ख्या कंपनीची. दुधाच्या टाकीत मिठाचा खडा पडावा तसं झालं आहे.

यातून एकच वाट आहे. कर खात्याकडे अर्ज करायचा की हे अनवधानाने घडलं, शेअर खात्यातून परत काढले आहेत, तेव्हा मधल्या काळातही सवलत चालूच होती असं धरावं. असे अर्ज ते मंजूर करतात, पण सगळ्या मालकांच्या सह्या असतील तरच. आपल्याकडे मालक दोनच. कामगारांच्या योजनेतर्फे विश्वस्तांनी सही केली. उरलास तू.

शेअर खात्यातून काढून पुन्हा स्वतःच्या नावावर घे, आणि सोबतच्या प्रतिज्ञापत्रावर खुणेच्या जागी सही कर. त्या तीन वर्षांचा तुझ्या वाट्याचा कर तुला स्वतःला भरावा लागेल. तो तुला जड जाऊ नये. परतीचं पाकीट तिकीट लावून जोडलं आहे.

फोनही केला असता, पण तू उचलत नाहीस.

आर्लिस ब्रेके
सचिव

२३ फेब्रुवारी

लेलंड,

पाकीट मिळालं. प्रतिज्ञापत्र सहीविना, आणि मागच्या बाजूला तुझ्या त्या कोंबडीच्या पायाच्या अक्षरात तीन वाक्यं. 'चूकबीक काही झालेली नाही. मी पूर्ण विचार करून केलं. जे घडलं नाही त्याखाली मी सही करत नाही.'

मी ते वकिलांना दाखवलं. टिश्लर हा मॅडिसनचा शांत माणूस आहे, आवाज चढवत नाही. त्याने चष्मा काढला आणि विचारलं, "मिस ब्रेके, तुमच्या भावाला याचा परिणाम माहीत होता?"

"मला नाही माहीत."

"कारण हे 'पूर्ण विचार करून' जर कर खात्याच्या हाती लागलं, तर अर्ज तिथेच संपला. जाणूनबुजून केलेल्या गोष्टीला माफी नाही."

तो कागद मी त्याच्या हातातून काढून घेतला आणि पर्समध्ये घातला. तो अजून पर्समध्येच आहे.

आता मी सचिव म्हणून लिहीत नाही, आणि तुला सरळ विचारते. तू सूड घेतो आहेस का? नऊ वर्षांपूर्वी आपल्या स्वयंपाकघरात तू बाबांना काय बोललास ते मी विसरलेले नाही. इंडियानाची ती मोठी कंपनी आपल्याला विकत घ्यायला दुप्पट भाव देत होती, आणि बाबा म्हणाले की कंपनी कामगारांच्या योजनेलाच विकायची. तू टेबलावर मूठ आपटलीस. कॉफी सांडली ती बाबांच्या मांडीवर. "माझे चार टक्के मी ठेवतो," म्हणालास, "मला तुमच्या या धर्मादाय दुकानात ओढू नका." आणि गेलास. आलास तो एकदम बाबांच्या अंत्यविधीला, तोही चर्चच्या तळघरात आम्ही कॉफी ओतायच्या आत निघून गेलास. हॅम सँडविचेस उरली. मी आठवडाभर खात होते.

तेव्हा तू असं मुद्दाम केलंस, हे मानायला मला फार कष्ट पडत नाहीत. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही.

पण तसं असेल तर तसं लिही. नसेल तर सही कर. तो तुझा टक्सनचा उंटावरचा शहाणा, ज्याने तुला हा सल्ला दिला, त्याच्याकडूनही दोन ओळी लागतील की त्याला ही अट ठाऊक नव्हती. नवा कागद जोडते आहे.

परवा इंडियानाहून फोन आला होता. हवापाण्याच्या गप्पा मारल्या. त्यांना कुठून वास लागतो कोण जाणे.

आर्लिस

१७ मार्च

लेलंड,

उत्तर नाही. बरं.

काल शेअरचा दिवस होता. तू गेल्यानंतर हा रिवाज सुरू झाला, म्हणून सांगते. शेअरचा नवा भाव दरवर्षी जोडणीच्या शेडमध्ये जाहीर होतो. गोठ्यासाठी करतो तो सगळ्यात मोठा पंखा मध्ये टांगतात, त्याच्या एका पात्यावर खडूने भाव लिहितात आणि पंखा सुरू करतात. त्या वर्षी निवृत्त होणाऱ्याने बटण बंद करायचं. पंखा मंदावत जातो आणि शंभर माणसं एकेक आकडा ओरडतात. जो पहिला चुकीचा ओरडेल त्याने सगळ्यांना बिअर पाजायची. बाबांनीच काढलेली कल्पना, अर्थात. एरवी हा माणूस आयुष्यात कधी हसला नाही.

यंदा बटण डेलोरेस प्रिबिलच्या हातात होतं. पाती तोलायच्या टेबलावर बसायची ती डेलोरेस. शाळेच्या सुट्टीत तू तिच्याच हाताखाली होतास, आणि उलटं पातं बसवलंस म्हणून तिने तुझ्या टाळक्यात टपली मारली होती. ती एप्रिलअखेर निवृत्त होते आहे. तिच्या गुडघ्यांत काही उरलेलं नाही, आणि नवरा ऑक्सिजनच्या नळीवर आहे. योजनेतल्या तिच्या शेअरवर ती दोघं पुढे जगणार आहेत.

मी तिला आधीच गाठून सांगितलं की यंदा भाव ठरवता आलेला नाही, पंखा राहू दे.

"रिवाज म्हणजे रिवाज," ती म्हणाली, पंखा सुरू करायला लावला आणि मग बटण बंद केलं.

पाती थांबली. पाचही कोरी. मग रंगकामातला एक जण म्हणाला, "मला वाटलं मलाच मोतीबिंदू झालाय."

मग मी बाकावर चढले आणि सांगितलं. तुला पहिल्या पत्रात जे लिहिलं नव्हतं तेही सांगितलं. अर्ज फसला तर तीन वर्षांचा कर आणि त्यावरचं व्याज कंपनीच्या बोडक्यावर येईल. एवढी रोकड आपल्याकडे नाही. बँक देईल असं वाटत नाही. मग विश्वस्तांना इंडियानाचं बोलणं ऐकून घ्यावंच लागेल, आणि इंडियानावाल्यांना आपलं नाव आणि गिऱ्हाइकं हवी आहेत. नॉर्डालमधली ही शेड त्यांना नको आहे.

"चुकीच्या खात्यात घातले कुणी?" मागून कुणीतरी विचारलं.

"नोंद मी केली," मी म्हणाले.

"अगं, नोंद तू केलीस, पण घातले कुणी?"

"नोंद मी केली," मी पुन्हा म्हणाले.

ते काही खुळे नाहीत. दोन मालकांपैकी एक म्हणजे ते स्वतः. राहिला कोण, हे शाळेतल्या पोरालाही कळेल. तरी मी तुझं नाव घेतलं नाही. का घेतलं नाही, ते मला विचारू नकोस. राग तर मला तुझा फार आला होता.

टिश्लर म्हणतो, चूक लक्षात आल्यावर जो लगेच येतो त्याच्यावर कर खातं विश्वास ठेवतं. रेंगाळलं की त्यांना शंका येते. आपण रेंगाळतो आहोत.

सही कर, लेलंड. 'चुकून झालं' एवढंच म्हणायचं आहे. हे दोन शब्द आपल्या घरात आजवर कुणी उच्चारले नाहीत हे मला मान्य आहे. पण कुणीतरी सुरुवात करायला हवी, आणि कागद तुझ्यासमोर आहे.

आर्लिस

७ एप्रिल

लेलंड,

काल डेलोरेस माझ्या खोलीत आली आणि न विचारता बसली.

"मी लेलंडला फोन केला," म्हणाली.

"त्याने उचलला?"

"उचलला की. तिकडे तळ्यावर अजून बर्फ आहे का म्हणून विचारत होता."

"आणि सहीचं?"

"सहीचं मी काढलंच नाही."

मी हातातलं पेन खाली ठेवलं. "मग फोन केलास तरी कशाला? हवामान सांगायला?"

"तू ओरडू नकोस माझ्यावर, मला आता तीनच आठवडे काढायचेत इथे," ती म्हणाली. "मला एक सांग. तू त्याला सही मागितलीस. चूक कबूल कर म्हणालीस. सूड घेतोस का म्हणालीस."

"हे त्याने सांगितलं तुला?"

"सांगितलं. त्याला फार लागलंय ते. पण का केलंस बाबा, हे विचारलंस?"

"त्यात विचारायचं काय?"

"तुम्ही ब्रेके लोक म्हणजे ना," ती उठत म्हणाली, "घर पेटलं असलं तरी आधी काडी कुणी ओढली ते लिहून मागाल. मी पाणी आणते म्हणणारा एकजण निघायचा नाही तुमच्यात."

तिने तुझ्याकडून आणखी काही ऐकलं असेल तर मला सांगितलं नाही. तुमच्या घरातलं तुम्ही बघा, म्हणाली.

मला याचा राग आला. संध्याकाळी सगळ्या गावाबरोबर शुक्रवारचे तळलेले मासे खायला गेले, तिथेही राग आला. लोक माझ्याशी बोलत होते, पण बसत दुसऱ्या टेबलावर होते. आणि मग गाडीत बसल्यावर मला कळलं की तिचं खरं आहे. आधीची तीनही पत्रं मला तोंडपाठ आहेत. त्यांत तुला हुकूम आहेत, टोमणे आहेत, धमकी आहे. प्रश्न एकच आहे, आणि त्याचं उत्तर मी आधीच देऊन टाकलं होतं.

म्हणून आता विचारते, आणि या वेळी मला उत्तर माहीत नाही. का केलंस, लेलंड?

कागद पुन्हा जोडला आहे. सही नाही केलीस तरी एवढं सांग.

आर्लिस

२१ एप्रिल

लेलंड,

तुझं पाकीट मी टिश्लरच्या कचेरीत नेऊन फोडलं. एकटीने फोडायचा धीर झाला नाही.

त्याने तयार केलेल्या मजकुरावर तू आडवी रेघ मारलीस. मग त्याखाली तू तुझ्या हाताने लिहिलेलं दिसलं. टिश्लरने ते मोठ्याने वाचलं. त्याच्या तोंडून ऐकताना ते तुझंच वाटत होतं.

'बाबा गेल्यानंतर कंपनीचं वार्षिक पत्रक आलं. मालकांची दोनच नावं होती. एक कामगारांच्या योजनेचं आणि दुसरं माझं. मला ते दुसरं नाव बघवेना. योजनेतले शेअर निवृत्ती खात्यात असतात एवढं मला माहीत होतं. मी आमच्या इथल्या माणसाला विचारलं की माझेही तसेच ठेवता येतील का. तो म्हणाला, येतील. मला वाटलं, मग मीही त्यांच्यासारखाच झालो. हे मी चुकून केलं नाही, मनापासून केलं. त्याने सवलत जाते हे मला माहीत नव्हतं. माहीत असतं तर माझा हात धरून कुणी सही करायला लावली असती तरी मी केली नसती.'

आणि खाली सही. साक्षीदारासमोर, तारखेसह, जिथे खूण होती अगदी तिथे.

मी म्हणाले, "पण त्याने तुमचा मजकूर खोडला. चालेल हे?"

"मिस ब्रेके," तो म्हणाला, "असं काहीतरी लिहून द्यावं म्हणून लोक मला तासाचे पैसे मोजतात. मला आजवर जमलेलं नाही."

त्याने ते जसंच्या तसं अर्जाला जोडलं. सल्लागाराच्या दोन ओळीही त्यात होत्या, त्याला अट ठाऊक नव्हती असं त्याने कबूल केलं आहे. शेअर खात्यातून निघून पुन्हा तुझ्या नावावर आले, त्याची नोंद मी काल केली. या वेळी प्रत्येक ओळ वाचली, दोनदा.

अर्ज सोमवारी जाईल. उत्तराला काही महिने लागतील. तोवर डेलोरेसचे पैसे अडकलेले आहेत, आणि तिला ते सांगायला मीच जाणार आहे.

नऊ वर्षं मी लोकांना सांगत आले की माझ्या भावाला आमच्यापैकी कुणीही नको होतं. काल रात्री ते वाक्य मनात आलं आणि पुरं करता येईना. मी फार चुकले तुझ्या बाबतीत. तू म्हणशील, पत्रात लिहिणं सोपं आहे. मला सोपं गेलेलं नाही.

तुझ्या कागदाची एक प्रत मी ठेवून घेतली आहे. कुणाला दाखवलेली नाही. डेलोरेसला दाखवू का?

आर्लिस

२० नोव्हेंबर

लेलंड,

आलं. वॉशिंग्टनहून. मंजूर.

घडलं ते अनवधानाने घडलं, सवलत अखंड चालू होती असं धरलं जाईल, आणि त्या तीन वर्षांत शेअर तुझ्या खात्याचे नसून तुझेच होते असं मानून कर तू भरायचा. टिश्लरने आकडा सोबत दिला आहे. मुदत पाळ.

हरणांच्या शिकारीचा हंगाम चालू आहे, त्यामुळे कारखाना अर्धा रिकामा. जे होते त्यांना सांगितलं. पंखा पुन्हा टांगला, भाव लिहिला आणि डेलोरेसला घरून बोलावून घेतलं. नवऱ्यालाही आणलं तिने, नळी आणि सिलिंडरसकट. तो पहिला आकडा चुकीचा ओरडला, आणि त्याच्याकडून बिअर कुणी घेतली नाही तर रागावून बसला. मग घ्यावी लागली.

इंडियानाला मी स्वतः फोन केला. हवापाण्याच्या गप्पा मारल्या आणि ठेवून दिला.

आता तुझ्या मागच्या पत्रातल्या प्रश्नाचं. इतकी वर्षं पत्र लिहायला तुला वेळ नव्हता, आणि लिहिलंस ते एका ओळीचं. 'खरंच आत यायचं असेल तर काय करावं लागतं?' मी तसंच टिश्लरला विचारलं. तो म्हणाला, "शेअर देऊन योजनेत कुणालाच येता येत नाही. शेअर योजनेला विकले तर माणूस फक्त बाहेर पडतो. आत यायची वाट एकच आहे. कंपनीत नोकरी धरायची आणि वर्षभरात हजार तास काम करायचं."

"तो बासष्टचा आहे," मी म्हणाले.

"वयाची अट खालची आहे. वरची नाही. म्हातारा म्हणून कुणाला बाहेर ठेवता येत नाही."

तर असं आहे. पाती तोलायचं टेबल एप्रिलपासून रिकामं आहे. दोन पोरं ठेवून पाहिली, दोघांचा हात जड. पगार नवशिक्याचा मिळेल, त्याहून एक पैसा जास्त नाही. पाळी सकाळी सहाची, आणि तुझी झोप मला माहीत आहे. चार महिने थंडीने हात बधिर होतील. उलटं पातं बसवलंस तर टपली मारायला डेलोरेस मुद्दाम येईन म्हणते. मी तुझा कागद तिला दाखवला. ती रडली, आणि मग मलाच रागावली की एवढे दिवस दाबून का ठेवलास.

लोकांना तू यायला हवा आहेस का, ते मला माहीत नाही. काहींना असशील, काही तुझ्याकडे बघणारही नाहीत. ते तुझं तू निस्तरायचं.

मला तू हवा आहेस. हे सचिव लिहीत नाही.

हजार तास म्हणजे रोज आठ तास धरले तर सहा महिन्यांचं काम आहे. बाबांची खोली झाडून ठेवली आहे. तिथली गादी खराब आहे, येताना पाठदुखीचं औषध घेऊन ये. सोमवारी ये. हजेरी माझ्याकडेच असते, आणि उशिरा आलास तर अर्ध्या तासाचा पगार मी कापणार आहे.

तुझी,
आर्लिस